डब्याचा ठेका

"साखरपुड्याला बँजो नको, डीजे नको, आणि ती पेनड्राइव्हवरची सनई तर मुळीच नको. संगीत माझ्याकडे लागलं!"

शुभंकर शिवलकरने हे वाक्य पावस गावी, सासुरवाडीच्या ओटीवर, भर माणसांत टाकलं. धाकटी मेहुणी मनस्वी हिचा साखरपुडा ठरला होता आणि कोण काय करणार याची वाटणी चालली होती. मांडव शेजारच्या बागेतल्या दादूकडे, जेवण आचाऱ्याकडे, पाहुण्यांची उठबस भावकीकडे. थोरल्या जावयाच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. कधीच येत नसे.

सासरे सखारामअण्णा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"जावयबापू," ते अत्यंत प्रेमाने म्हणाले, "तुमी बसा."

आता या 'तुमी बसा'त काय काय भरलंय ते कळायला थोडं मागे जावं लागेल. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात शुभंकर मोठ्या हौसेने आंबे उतरवायला गेला होता. हापूस देठासकट उतरवायचा असतो हे कलमांखाली वाढलेल्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. पण शुभंकर वाढला रत्नागिरी शहरात, तिसऱ्या मजल्यावर. त्याने झेला, म्हणजे जाळीची काठी, लावला नि आंबे असे ओढले की एकालाही देठ म्हणून राहिला नाही. चीक फळांवर ओघळला, काळे डाग पडले आणि अण्णांची पहिली तोड सगळीच्या सगळी कॅनिंगला, मातीमोलाने गेली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी घरातून एक खुर्ची आणली, ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "जावयबापू, तुमी बसा."

तेव्हापासून शुभंकर बसलेलाच होता. घरची माणसं फवारणी करताहेत, पेट्या भरताहेत, गवत कापताहेत, आणि हा खुर्चीत, पुढ्यात चहा. गणपतीच्या आराशीला उठला, "तुमी बसा." विहिरीवरचा पंप बिघडला म्हणून पुढे झाला, "तुमी बसा, तुमी बसा!" दुसऱ्या एखाद्या जावयाला हा मान वाटला असता. शुभंकरला ती शिक्षा वाटे. आणि ती शिक्षाच होती! अण्णांनी आपल्याला एकदा, फक्त एकदा, स्वतःहून काहीतरी काम सांगावं, यापलीकडे त्याला सासुरवाडीकडून काही नको होतं. अंगठी नको, आंब्याची पेटी नको.

म्हणून या वेळी तो बसला नाही.

"अण्णा, खर्च काही नाही. घरातल्या वस्तूंचं संगीत करणार मी. नवीन प्रकार आहे."

"घरातल्या वस्तूंचं म्हणजे?" सासूबाईंनी, मालनताईंनी विचारलं.

"वाटी, तांब्या, सूप, खलबत्ता, काहीही. त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा, कापायचा आणि कॅसिओच्या पट्ट्यांवर बसवायचा. सॅम्पल म्हणतात त्याला. ही पट्टी दाबली की वाटी 'सा' म्हणणार, पुढची दाबली की तीच वाटी 'रे' म्हणणार. अख्ख्या वाद्यवृंदाचं काम एक माणूस करणार!"

"आणि मागची भांडी कोण घासणार?" मालनताई म्हणाल्या.

मनस्वीला दया आली. "करू दे गो आई. भावोजींना कधी काय करूच देत नाय तुमी."

नवऱ्यामुलीचा शब्द! अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, "करा. पण नवऱ्याकडचे, नाटे गावचे लोक मानापानाचे हायत. पावण्यांसमोर शोभा नको."

"शोभा? अण्णा, लोक नाव काढतील!"

लोकांनी नाव काढलं. त्याबद्दल वाद नाही.

रत्नागिरीला परतल्यावर कामाला सुरुवात झाली. दिवसा पतपेढीत व्हाउचर लिहायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरायचं. कॉलेजातला कॅसिओ माळ्यावरून उतरला. लॅपटॉप ओट्यावर चढला. माइकला शुभंकरने स्वतःचा धुतलेला मोजा घातला, म्हणजे वाऱ्याचा आवाज येत नाही म्हणे. मग एकेक भांडं माइकपुढे हजर होऊ लागलं. पोळपाट तबला झाला. नारळाच्या खवणीची खरखर झांजेच्या जागी बसली. मिक्सर तर रिकामा फिरवला की तानपुराच! पाट्यावर वरवंटा ओढला की शुभंकर डोळे मिटून मान डोलवायचा.

या सगळ्यात घरातल्या माणसांनी जगायचं कसं, हा प्रश्न त्याच्या बायकोला, सानिकाला पडला होता. ऐन चैत्रात पंखा लावायचा नाही, रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. नळ सोडायचा नाही. शिंकायचं नाही. सानिका एरवी घरात त्याला 'अरे शुभंकर' म्हणायची आणि माहेरी 'अहो'. पण खरोखर चिडली की घरातही 'अहो' सुरू व्हायचं. त्या आठवड्यात घरात सकाळपासून 'अहो'च होतं.

आणि मग कुकरची शिट्टी रेकॉर्ड झाली.

"ऐकलीस? बासरी आहे बासरी! आपण इतकी वर्षं हिच्यावर नुसता भात शिजवला!"

त्या संध्याकाळी तो आतल्या खोलीत शिट्टीवर भूप वाजवत बसला. सानिका गॅलरीत कपडे काढत होती. तिने आतून आलेल्या शिट्ट्या सवयीने मोजल्या, स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला. जेवायला बसल्यावर डाळ दाताखाली वाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सानिकाने ठरवलं, आता फसायचं नाही. शिट्ट्या झाल्या, ती हसली, कपड्यांच्या घड्या घालत बसली. आणखी शिट्ट्या झाल्या, आणखी हसली. त्या दिवशी शुभंकर पतपेढीतून घरी आलेलाच नव्हता! डाळ कुकरला अशी चिकटली की डाळ कुठे संपते नि कुकर कुठे सुरू होतो ते कळेना.

"अहो," सानिका काळाठिक्कर कुकर त्याच्यापुढे आदळून म्हणाली, "माणसं आवाज ऐकून कामं करतात! शिट्टी म्हणजे गाणं नाही. शिट्टी म्हणजे गॅस बंद कर. कळलं?"

"त्याचाही आवाज छान आला बघ," शुभंकर म्हणाला. "परत आदळतेस का? माइक लावतो."

ती तीन दिवस बोलली नाही. तो म्हणाला, रेकॉर्डिंगला शांतता बरी.

सगळं जमलं होतं, फक्त ठेका नव्हता. ढोलासारखं छातीत धाडकन वाजणारं काही घरात सापडेना. पिंप, टाकी, कपाट, सगळं बडवून झालं. खालच्या मजल्यावरून तक्रारही येऊन गेली. आणि रविवारी पावसला गेला असताना त्याला ते दिसलं. बागेच्या कडेला कलमाच्या फांदीला तेलाचा एक जुना चौकोनी डबा टांगलेला होता, शेजारी काठी. शुभंकरने बोटाने टिचकी मारली. असा काय घुमला!

"आई, हा डबा नेऊ का?"

"अहो, तो वांदरांचा डबा," मालनताई म्हणाल्या. "वांदर आले की वाजवायचा."

"माहीत आहे, माहीत आहे!"

त्याला अर्धं माहीत होतं. वांदर डब्याला घाबरून पळतात, इथपर्यंत. उरलेलं अर्धं थोड्याच दिवसांत सगळ्या वाडीसमोर कळणार होतं. मालनताईंनी पडवीतला दुसरा, पार गंजलेला एक डबा त्याला काढून दिला. तो गाडीत घालून रत्नागिरीला आणला आणि बाथरूममध्ये ठेवला, कारण बाथरूममध्ये आवाज घुमतो.

"तू मार," तो सानिकाला म्हणाला. "तुझ्या हाताला सवय आहे."

सवय होतीच. शाळेच्या सुट्ट्या तिने बागेत राखण करण्यात घालवल्या होत्या. तिने काठी उचलली आणि हात आपोआप चालला. धाड-धाड-धाड! जरा थांबून पुन्हा, धाड-धाड-धाड!

"बास! हाच ठेका!" शुभंकर ओरडला. "काही कापायचंच नको. आहे तसाच फिरवत ठेवतो!"

साखरपुड्याचा दिवस उजाडला. घरापुढचं खळं सारवलेलं, वर मांडव, मधोमध पाट, पाटावर मालनताईंनी जरीच्या कागदाने नि मोत्यांनी मढवलेला साखरेचा पुडा. चारी बाजूंनी कलमं, आणि कलमांवर लगडलेला आंबा. ऐन हंगाम! शुभंकरने भाड्याने आणलेले दोन मोठे स्पीकर खळ्याच्या वरच्या अंगाला, सड्याकडे, वरच्या कातळमाळाकडे जाणाऱ्या वाटेवर उभे केले. तिथून आवाज चांगला पसरतो.

नाट्याहून नवऱ्याकडची मंडळी आली. नवऱ्याचे वडील हरिश्चंद्र मयेकर, बोटीवरून रिटायर झालेले, केशरी फेटा बांधून, सगळं काही आपल्याच तपासणीसाठी मांडलंय अशा नजरेने बघणारे. सोबत त्यांची आई विमलाआजी. नवरामुलगा विनीत बिचारा घामाने डबडबलेला.

शुभंकरने मिक्सर सुरू केला. म्हणजे तानपुरा.

"चटणी अजून वाटायचीच हाय वाटतं," नवऱ्याकडची एक बाई म्हणाली.

पण मग वाट्या वाजल्या. मंजुळ! वाट्यांवर तांब्या आला, तांब्यामागून पोळपाट आला, आणि मंडळी खरंच माना डोलवायला लागली. हरिश्चंद्ररावांनी विचारलं, "हे काय वाजतंय?" दादू सरबताचा ट्रे घेऊन फिरत होता, तो म्हणाला, "वाट्या, पावणे! आमच्या जावयांनी बसवलान." हरिश्चंद्ररावांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "हुशार आहेत." हे अण्णांनी ऐकलं. अण्णांनी जावयाकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती कमी झाली. शुभंकरने ती मोजली. त्याची छाती शर्टात मावेना. त्याने ठरवलं, आता डबा! आवाजाचं बटण होतं तेवढं फिरवलं आणि पट्टी दाबली.

धाड-धाड-धाड! धाड-धाड-धाड!

आता उरलेलं अर्धं सांगतो. बागेत वांदरांचा कळप शिरला की ज्याला दिसतो तो असा डबा बडवतो. तो ऐकला की शेजारच्याने आपला डबा बडवायलाच हवा, नाहीतर तिथून हाकललेला कळप याच्या बागेत शिरणार. त्याचा ऐकून पलीकडच्याने. असं तीन बाजूंनी वाजवत वाजवत, सड्याकडची बाजू मोकळी ठेवून, कळप वर सड्यावर पिटाळायचा. सगळ्या वाडीची ही पद्धत. कोणी कोणाला सांगत नाही, कोणी कोणाला विचारत नाही. डबा ऐकला की पाय धावतात आणि हात वाजवतात. झाडावर आंबा असताना हा डबा गंमत म्हणून वाजवणारा माणूस वाडीत जन्माला यायचा होता. तो रत्नागिरीहून आला!

"वांदर!" दादूने सरबताचा ट्रे नवऱ्यामुलाच्या मांडीवर ठेवला आणि जो सुटला तो थेट स्वतःच्या बागेत. ट्रेमधली सरबतं विनीतच्या नव्या सुरवारीवर. दादूमागून त्याचा भाऊ, त्यामागून खालच्या आळीतले सगळे बागायतदार. कोणी पानदान टाकलं, कोणी चपला विसरल्या. नवरीकडचा अर्धा मांडव क्षणात रिकामा!

हरिश्चंद्रराव उभे राहिले. "आम्ही आलो आणि हे निघाले कुठे? ही कुठली रीत?"

"तसं नाय हो पावणे," अण्णा हात जोडून म्हणाले, "वांदर..."

"कोण? कोणाला म्हणताय?"

एवढ्यात चारी बाजूंनी डबे सुरू झाले. दादूचा डबा, त्याच्या पलीकडचा डबा, खालच्या बागेतल्या राखणदार गुरख्यांचे डबे, आणि एकाने तर कार्बाइडची पाइपबंदूक उडवली. धडाम! विमलाआजींनी कानावर हात ठेवले. आणि योग असा, की त्या दिवशी दादूच्या खालच्या बागेत खरोखरच एक कळप आंबे खात बसला होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात! तो उठला आणि नेहमीप्रमाणे सड्याकडे धावला. तर सड्याच्या वाटेवर शुभंकरचे स्पीकर, सगळ्यांत मोठ्याने, धाड-धाड-धाड! बिचारे मागे फिरले. मागे दादू. उजवीकडे गुरखे. डावीकडे बंदूक. नुसती पळापळ!

अण्णा धोतर सावरत शुभंकरपाशी आले. "बंद करा! आधी ते बंद करा!"

शुभंकरने तत्क्षणी बंद केलं. अण्णांचं म्हणणं त्याने इतक्या तंतोतंत कधीच पाळलं नव्हतं.

आणि तिथेच घात झाला. चारी बाजूंनी डब्यांचा कडकडाट, आणि साऱ्या पंचक्रोशीत शांत अशी एकच जागा. मांडव!

पहिला वांदर कौलावर उतरला. दुसरा मांडवाच्या कापडावर. तिसऱ्याने कापड फाडलं आणि बाकीचे आतच आले. अण्णांच्या लक्षात आलं. "लावा! परत लावा!" ते ओरडले. शुभंकरने न बघताच बोट टेकवलं. त्याने दाबली ती पट्टी कुकरची निघाली. शिट्टी झाली आणि तीन बायका गॅस बंद करायला आत धावल्या. दुसरी दाबली, मिक्सर! तिसरी दाबली, वाटी किणकिणली. एका पिल्लाने ती अगदी लक्षपूर्वक ऐकली.

मग जे झालं ते शुभंकरला बघवत नव्हतं आणि डोळे मिटवतही नव्हते. केळ्यांचे घड गेले. जिलेबीची परात गेली. एक वांदर हरिश्चंद्ररावांच्या खांद्यावर बसला, त्यांचा फेटा उलगडत गेला आणि त्याचं टोक घेऊन कलमावर चढला. आणि कळपातला मोठा हुप्प्या, काळ्या तोंडाचा, तो सावकाश चालत पाटापाशी आला, इकडे तिकडे बघितलं, साखरेचा पुडा काखोटीला मारला आणि कौलावर जाऊन बसला. मोती एकेक करून खाली फेकले. जरीचा कागद फाडला. आणि मनस्वीच्या साखरपुड्याची साखर तो सगळ्यांदेखत मुठीमुठीने खाऊ लागला.

मनस्वी तोंडावर पदर घेऊन रडत होती. मालनताई मोती वेचत होत्या, कारण काहीतरी करायला हवं म्हणून. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भर पाहुण्यांत लेकीचा पुडा गेला! शुभंकरला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. अण्णा ओरडले असते तरी चाललं असतं. अण्णा त्याच्याकडे बघतही नव्हते.

हरिश्चंद्रराव बोडक्या डोक्याने उभे होते. "सखारामराव," ते थंडपणे म्हणाले, "आमची माणसं गाडीत बसवू का?"

तेवढ्यात विमलाआजींनी कौलाकडे बघून दोन्ही हात जोडले. "मारुतीराया! स्वतः आलास रे बाबा!"

"आये, मारुती ब्रह्मचारी," हरिश्चंद्रराव म्हणाले. "तो साखरपुड्याला येणं चांगलं की वाईट?"

मनस्वीचं रडणं थांबलं. आजींनी लेकाकडे असं पाहिलं की त्याची बोटीवरची सगळी वर्षं वाया गेली.

"शाणा हायस! सीतामाईला शोधायला कोण गेला? तुझा बापूस? दुसऱ्याचा संसार मोडू नये म्हणून समुद्र लांघलान त्यानं. आज पुडा खाऊन जातोय तो, म्हंजे पोच मिळाली. बस खाली!" मग त्या अण्णांकडे वळल्या. "पण यजमानांनू, चूक झाली ती झाली. देवाला गाऱ्हाणं घाला नि पुढचं करून घ्या."

डबे थांबले होते, वाडीतली माणसं परतली होती. वांदर तोंडं पुसत सड्याच्या वाटेने निघून गेले. खळ्यात सगळी वाडी आणि सगळं नाटं हात जोडून उभं राहिलं. अण्णांनी नारळ हातात घेतला. शुभंकर एका खांबाआड होता. सानिकाने त्याला दंडाला धरून पुढे आणला.

"बा देवा महाराजा!" अण्णांनी खडा आवाज लावला.

"व्हय महाराजा!" सगळे.

"आज ह्या खळ्यात लेकीचा साखरपुडा मांडलेला हाय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"त्यात आमच्या थोरल्या जावयानं, शिकलेला सवरलेला असून, भर हंगामात वांदरांचा डबा वाजवलान रे महाराजा!"

"व्हय महाराजा!!"

"त्याच्या मनात काय वाईट नव्हतं रे महाराजा..."

इथे 'व्हय महाराजा' जरा हळू आलं. दादू तर गप्पच राहिला.

"पण डोक्यातसुद्धा काय नव्हतं रे महाराजा!"

"व्हय महाराजा!!!" कलमांवरचे कावळे उडाले. त्या गर्जनेत एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो सानिकाचा होता.

"त्याची चूक पोटात घाल, पुडा गोड मानून घे, नि लेकीचा संसार सुखाचा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि ह्या जावयाला म्होरं कधी बसल्या जागेवरनं उठायची बुद्धी देऊ नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" या वेळी शुभंकरही म्हणाला. सगळे म्हणत होते, तोंडातून निघून गेलं.

मग मालनताईंनी डब्यातली साखर घेतली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधली, आणि त्या पुड्यावर मनस्वीचा साखरपुडा झाला. हरिश्चंद्रराव टॉवेल गुंडाळून बसले होते. जेवणं झाली, हसणं झालं, नाट्याची माणसं खूश होऊन परत गेली, कारण गावात सांगायला त्यांना जन्मभराचं मिळालं होतं. शुभंकरने पानावर फक्त भात कालवला. अण्णा पंगतीत फिरत होते, सगळ्यांना आग्रह करत होते. त्याच्या पानापाशी आले आणि पुढे गेले.

कॅसिओ माळ्यावर गेला. मोजा पायात गेला. महिनाभर शुभंकर पावसकडे फिरकला नाही. मेहुणीने फोन केला तरी तो बायकोच्या हातात द्यायचा. पण बातमीला काय गाडी लागते? मिरकरवाड्याला बांगडे घ्यायला गेला, तर मासेवाली पाटीवरचं फडकं बाजूला करत म्हणाली, "काय भाऊ, आज डबा नाय आणलात? मांजरी फार झाल्यात हो!" तो बांगडे न घेताच परतला आणि अंड्याची आमटी झाली.

आणि एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. सानिकाला नाही. त्यालाच!

"जावयबापू," अण्णा म्हणाले, "तुमचं ते डब्याचं संगीत हाय अजून?"

शुभंकरने फोन दोन्ही हातांनी धरला. "आहे अण्णा! म्हणजे पुसणार होतो, पण..."

"पुसू नका. पाठवून द्या. स्पीकर लावतो बागेत. गुरखे गावी गेलेत, माझ्या हातून डबा वाजत नाय."

त्याने त्याच रात्री पाठवलं. वाट्या, तांब्या, मिक्सर, डबा, सगळं साग्रसंगीत. आणि दुसऱ्या दिवशी पतपेढीत तो अशा रुबाबात बसला की मॅनेजरांनी त्याला विचारलं, प्रमोशन कुठे झालं? अण्णांच्या बागेत रोज सकाळ-संध्याकाळ त्याचं संगीत वाजत होतं! कशासाठी वाजत होतं, हे तो स्वतःलाही फारसं सांगत नव्हता.

आठवड्याने पुन्हा फोन. सानिका ओट्यापाशी मासे साफ करत होती. शुभंकरने मुद्दाम स्पीकरवर टाकला, बायकोनेही ऐकावं म्हणून.

"बोला अण्णा! पळाले ना वांदर?"

"पळाले. पयल्या दिवशी पार सड्यापलीकडे."

"वा!"

"दुसऱ्या दिवशी बागेच्या दगडी गडग्यापर्यंत गेले नि तिथं बसले. परवा जागचे हललेच नाय. पोरं मांडीवर घेऊन ऐकत होते. आणि आज," अण्णांनी सुस्कारा टाकला, "मी लावायच्या आधीच येऊन बसलेत. लावला नाय तर खुणा करतात."

शुभंकरने कॉलर ताठ केली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्या संगीतासाठी वेळेआधी येऊन बसलं होतं.

"म्हणून एक काम होतं तुमच्याकडे," अण्णा म्हणाले.

काम! अण्णांनी! स्वतःहून! शुभंकर खुर्चीवरून उभाच राहिला. "सांगा ना अण्णा! काहीही सांगा!"

"ह्या गाण्याची गोडी लागली त्यांना. तर दुसरं एक बनवून द्या. ह्याच्याहून वाईट. इतकं वाईट की कुणाला ऐकवणार नाय." अण्णा पहिल्यांदाच जावयाशी अगदी मनापासून, अजिजीने बोलले. "जमेल ना हो तुमाला?"

शुभंकरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "बघतो अण्णा. प्रयत्न करतो."

"प्रयत्न कशाला?" ओट्यापाशी सानिका मान वर न करता म्हणाली. "अहो, मनापासून चांगलं करायला घ्या, होईल आपोआप."